शंकरनगर चौकात ‘सुमो’: वाहतुकीचे सिम्युलेशन करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचे परीक्षण

‘सुमो’ हे रस्त्यावरील वाहतुकीचे सिम्युलेशन करणारे, म्हणजे संगणकावर तिची चालती प्रतिकृती उभी करणारे, मोफत सॉफ्टवेअर मी गेली काही वर्षे नागपुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवताना वापरत आलो आहे. ते आपल्या रस्त्यांवर चालते का, असे मला विद्यार्थीही विचारतात आणि सिग्नल व उड्डाणपुलांच्या कामांशी संबंधित अभियंतेही विचारतात. ते चालते, परंतु जर्मनीहून जसे येते तसे चालत नाही, असे माझे मत आहे. त्यात नेमके काय बदलावे लागते आणि बदलल्यानंतरही कशावर विश्वास ठेवू नये, एवढेच या परीक्षणात सांगायचे आहे.

जर्मन एरोस्पेस सेंटरच्या बर्लिन येथील वाहतूक संस्थेत २००० साली या सॉफ्टवेअरचे काम सुरू झाले. २०१७ पासून ते एक्लिप्स फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली असून त्याचा सोर्स कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्ही प्रणालींवर ते बसते, आणि पायथॉन ही प्रोग्रॅमिंग भाषा येत असेल तर एका ‘पिप’ आज्ञेत ते बसवण्याचे काम होते. नाव एक असले तरी हा प्रत्यक्षात अनेक साधनांचा संच आहे. नकाशाचे रस्त्यांच्या जाळ्यात रूपांतर करणारे ‘नेटकन्व्हर्ट’, ते जाळे हाताने दुरुस्त करण्यासाठी ‘नेटएडिट’, वाहनांचे मार्ग काढणारे ‘डुआराउटर’, आणि शेवटी प्रत्येक वाहन सेकंदासेकंदाने पुढे सरकवणारा मूळ प्रोग्रॅम, असा हा कारखाना आहे. लाइटहिल आणि व्हिटहॅम यांनी १९५५ साली वाहतुकीकडे द्रवाच्या प्रवाहासारखे पाहून गणित मांडले होते. सुमो त्याच्या उलट टोकाने जाते. त्यात प्रवाह असा काही नसतो, असतात ती एकेक वाहने, प्रत्येकाची लांबी, वेग, ब्रेक आणि समोरच्यापासून राखलेले अंतर यांसह. त्यांच्या एकत्र वागण्यातून जी रांग तयार होते, तिलाच आपण कोंडी म्हणायचे.

सुरुवात करणे मोहक वाटावे इतके सोपे आहे. संचातील ‘वेब विझार्ड’ उघडावा, ओपन-स्ट्रीट-मॅप या खुल्या नकाशावर नागपूर शोधावे, शंकरनगर चौकाभोवती चौकट ओढावी आणि बटण दाबावे. काही क्षणांत उत्तर अंबाझरी मार्ग, वेस्ट हायकोर्ट रोड आणि धरमपेठेतील गल्ल्या पडद्यावर येतात आणि त्यांवरून पिवळ्या त्रिकोणी गाड्या धावू लागतात. विद्यार्थी येथे हमखास टाळ्या वाजवतात, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत सावध राहण्याची वेळ हीच असते. त्या गाड्या कोणत्या बाजूने धावत आहेत ते आधी पाहावे. विझार्डमध्ये डाव्या बाजूच्या वाहतुकीचा पर्याय निवडला नसेल, तर संपूर्ण धरमपेठ उजव्या बाजूने चालू लागते, आणि झूम कमी असेल तर ते पटकन लक्षातही येत नाही. त्यानंतर वेगमर्यादा पाहावी. नकाशावर वेगमर्यादेची नोंद नसेल, आणि आपल्याकडे ती बहुतेक रस्त्यांवर नसतेच, तर सुमोची मूळ नियमावली प्राथमिक श्रेणीच्या रस्त्याला सेकंदाला २७.७८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर, हा वेग बहाल करते. नागपूरच्या ज्या रस्त्यावर ऑटो, सायकल आणि ‘आपली बस’ एकमेकांच्या कडेकडेने चालतात, तेथे हा आकडा तसाच राहिला तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो. लेनच्या संख्येचेही तसेच आहे. नोंद नसल्यास श्रेणीवरून अंदाज बांधला जातो, आणि पानठेल्यासमोर दिवसभर उभ्या असणाऱ्या गाड्यांनी खाल्लेली डावीकडची लेन त्या अंदाजात अर्थातच धरलेली नसते.

जाळ्यातील सर्वांत मोठी दुरुस्ती मात्र चौकातच करावी लागते. दोन्ही रस्त्यांना दुभाजक असेल तर नकाशात त्यांच्या चार वेगळ्या रेषा होतात आणि त्या एकमेकींना चार ठिकाणी छेदतात. परिणामी आपल्याला जो एक चौक दिसतो, तो सुमोला चार छोटे चौक वाटतो. त्या चौघांना स्वतंत्र सिग्नल मिळाले, तर वळणारी वाहने चौकाच्या पोटातच अडकून बसतात. जवळची जंक्शने आपोआप जोडण्याचा पर्याय ‘नेटकन्व्हर्ट’मध्ये आहे आणि साध्या चौकात तो चांगले काम करतो. वर्धा रोडसारख्या ठिकाणी, जेथे खाली रस्ता, त्यावर महामार्गाचा उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी तीन मजली रचना आहे, तेथे मात्र प्रत्येक जोडणी ‘नेटएडिट’मध्ये स्वतः तपासावी असा माझा आग्रह आहे. ज्या चौकात डावे वळण सिग्नलविना मुक्त आहे, तेथे त्या वळणाला कायमचा हिरवा दिवाही हातानेच द्यावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे. ‘नेटएडिट’ची रचना मात्र इतकी स्वच्छ आहे की, एका दुपारच्या सरावानंतर विद्यार्थी चौक दुरुस्त करू लागतात. या संचातील हे साधन मला सर्वाधिक आवडते.

आता वाहनांकडे येतो, कारण नागपूर आणि बर्लिन यांतील खरा फरक येथेच आहे. सुमोमध्ये ‘मोटरसायकल’ हा वर्ग तयार मिळतो आणि नवशिके तो आपल्या दुचाक्यांसाठी बिनदिक्कत वापरतात. त्या वर्गाचा मूळ प्रवेग, म्हणजे वेग वाढण्याचा दर, ६ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद आणि कमाल वेग ताशी २०० किलोमीटर आहे. म्हणजे ही गाडी ० ते १०० चा वेग पाच सेकंदांच्या आत गाठते. मागे नवऱ्याला आणि पुढे भाजीच्या पिशवीला घेऊन निघालेली ॲक्टिव्हा असे करत नाही. अशा दुचाक्या घातल्या की हिरवा दिवा लागताच चौक क्षणात रिकामा होतो आणि सिग्नलची क्षमता वास्तवापेक्षा कितीतरी जास्त दिसते. प्रवेग, ब्रेक, कमाल वेग आणि समोरच्यापासूनचे अंतर ही चारही मूल्ये स्वतः ठरवून आपला वर्ग बनवणे हाच त्यावर उपाय आहे. ऑटोसाठीही तसेच करावे लागते. तो सुमारे २.६ मीटर लांब आणि १.३ मीटर रुंद असतो, आणि त्याला कारचा वर्ग दिला तर रांगेत तो जवळजवळ दुप्पट जागा अडवतो. ई-रिक्षाचा वर्ग वेगळाच ठेवावा, कारण ती जागा ऑटोएवढीच घेत असली तरी तिच्या संथपणामुळे मागे जी माळ तयार होते, ती ऑटोच्या मागे होत नाही.

वर्ग बदलूनही चौक ओळखीचा वाटत नाही, असे पुढच्या पायरीवर लक्षात येते. सुमोच्या मूळ पद्धतीत वाहन लेनच्या मधोमध चालते आणि एका लेनच्या रुंदीत एका वेळी एकच वाहन मावते. त्यामुळे लाल दिव्यापाशी दुचाक्या एकामागे एक, शिस्तीत, बसच्या रांगेसारख्या उभ्या राहतात. शंकरनगरला संध्याकाळी जे दिसते ते असे असते: दिवा लाल होतो, कार आणि बस थांबतात, आणि पुढच्या काही सेकंदांत त्यांच्या मधल्या फटींतून दुचाक्या वाहत पुढे येऊन थांबा-रेषेच्याही पुढे, झेब्रा पट्ट्यांवर अर्धवर्तुळ करून उभ्या राहतात. दिवा हिरवा होण्याच्या आधीच त्या अर्धवर्तुळाची कड सुटलेली असते. या वर्तनामुळे हिरव्या दिव्याच्या पहिल्या काही सेकंदांत चौकातून जाणाऱ्या वाहनांची संख्या खूप वाढते, आणि ते प्रतिकृतीत आले नाही तर कोणताही आकडा जुळत नाही.

यासाठी सुमोमध्ये ‘सबलेन’ ही सोय आहे आणि भारतीय वापरकर्त्याच्या दृष्टीने तीच या सॉफ्टवेअरची खरी किंमत ठरवते. ‘लॅटरल रेझोल्युशन’ला, समजा, ०.८ मीटर हे मूल्य दिले तर ३.२ मीटरच्या लेनच्या चार उभ्या पट्ट्या होतात, वाहन आपल्या रुंदीप्रमाणे त्यांतील काही पट्ट्या व्यापते, आणि उरलेल्या जागेतून दुसरे वाहन शेजारून पुढे जाऊ शकते. त्यानंतर दोन वाहनांमधील आडवे अंतर कमी करावे, वाहनाने लेनच्या मध्यालाच धरून राहण्याची सक्ती काढावी, आणि जागेसाठी रेटण्याची वृत्ती दाखवणारे ‘पुशी’ हे मूल्य शून्यावरून वर आणावे. एवढे केले की पडद्यावर दुचाक्या फटींतून सरकू लागतात. तो बदल पहिल्यांदा पाहताना मला जे समाधान मिळाले, ते कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरच्या त्रिमितीय चित्रफितीने दिलेले नाही. त्याची दोन मोले मोजावी लागतात. गणन लक्षणीय संथ होते, हे एक. दुसरे अधिक गंभीर आहे. सुमोचे मूळ वाहन-अनुसरणाचे प्रारूप, म्हणजे क्राउस यांचे प्रारूप, चालकाला समोरच्या वाहनामागे सुमारे एका सेकंदाचे अंतर राखायला लावते आणि गणनाची पायरीही मुळात एका सेकंदाची असते. आपल्या चालकांसाठी हे अंतर एका सेकंदाखाली आणले आणि पायरी मात्र तशीच ठेवली, तर वाहने एकमेकांवर आदळू लागतात. दोन्ही मूल्ये सोबतच कमी करावी लागतात, आणि हे दस्तऐवजात लिहिलेले असूनही बहुतेक जण ते अपघात झाल्यावरच वाचतात.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न जुन्या पद्धतीने काम करणारे अभियंते विचारतात आणि तो गैर नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयीच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाचे कारशी समतुल्य मूल्य दिलेले आहे. दुचाकींचे प्रमाण ५ टक्के असेल तर एक दुचाकी म्हणजे अर्धी कार, १० टक्के किंवा अधिक असेल तर पाऊण कार, असा तो हिशेब आहे. कागदावर तो सोयीचा आहे. परंतु जी दुचाकी मोकळ्या रस्त्यावर पाऊण कारची जागा घेते, तीच सिग्नलच्या रांगेत दोन कारच्या मधल्या, एरवी वाया जाणाऱ्या जागेत शिरली तर जवळजवळ काहीच जागा घेत नाही. सबलेन प्रतिकृतीत समतुल्य मूल्य आधी गृहीत धरण्याची गरज उरत नाही, उलट ते प्रतिकृतीतून बाहेर काढता येते. माझ्या मते भारतीय शहरांसाठी सिम्युलेशन वापरण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे, आणि वाहतूक अभियंत्यांनी सुमोकडे वळावे ते ॲनिमेशनसाठी नव्हे तर यासाठी.

प्रतिकृतीत वाहने किती आणि कोठून कोठे सोडायची, हा भाग सॉफ्टवेअर आपल्यासाठी करत नाही. विझार्डने सोडलेली वाहने यादृच्छिक असतात. ती यंत्रणा चालते की नाही हे पाहण्यापुरतीच आहेत, आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष शंकरनगरचाही नसतो आणि बर्लिनचाही नसतो. चौकालगतच्या गच्चीवर कॅमेरा लावून प्रत्येक दिशेने सरळ, डावीकडे आणि उजवीकडे जाणारी वाहने वर्गवार मोजणे हे मूळ काम आहे. त्याला पर्याय नाही. ही मोजणी दिली की ‘राउट-सॅम्पलर’ हे साधन तिच्याशी जुळणारे मार्ग निवडून देते आणि ते काम नेटकेपणाने करते. जुळणी तपासण्यासाठी वाहतूक क्षेत्रात जीईएच हा निर्देशांक वापरतात. मोजलेली वाहने १००० आणि प्रतिकृतीतील ११०० असतील तर तो सुमारे ३.१ येतो, आणि ५ च्या खाली असलेले मूल्य सामान्यतः स्वीकारले जाते. अनेक अहवाल येथेच थांबतात. ते मला मान्य नाही, कारण वाहनांची संख्या जुळूनही रांगेची लांबी आणि लागणारा वेळ साफ चुकलेला असू शकतो. आपण आत सोडली तितकी वाहने बाहेर पडली, एवढेच संख्येच्या जुळणीने सिद्ध होते. एलएडी चौकापासून झाशी राणी चौकापर्यंत दुचाकीने आणि कारने जाऊन लागलेला वेळ स्वतंत्रपणे नोंदवावा आणि प्रतिकृती त्याच्याशी ताडून पाहावी.

सुमोमधील ज्या एका गोष्टीबद्दल प्रत्येक वापरकर्त्याला, आणि विशेषतः अहवाल वाचणाऱ्याला, सावध करायला हवे ती ‘टेलिपोर्ट’ होय. एखादे वाहन ३०० सेकंद जागचे हलले नाही, तर सुमो मूळ सेटिंगनुसार ते उचलते आणि त्याच्या मार्गावर पुढे जेथे जागा असेल तेथे ठेवते. संपूर्ण जाळे एकाच अडकलेल्या गाडीमुळे ठप्प होऊ नये यासाठी ही सोय आहे आणि तेवढ्यापुरती ती समंजस आहे. पण ज्या चौकाची कोंडी आपल्याला मोजायची आहे, तेथील कोंडीच यामुळे गुपचूप फोडली जाते. पडद्यावर गाड्या वाहत राहतात, सरासरी विलंब आटोक्यात दिसतो, आणि गाड्या उचलल्याच्या सूचना संदेशांच्या खिडकीत एकामागून एक धावत राहतात, ज्या कोणी वाचत नाही. एका सादरीकरणात मी संबंधित सल्लागारांना टेलिपोर्ट किती झाले असे विचारले, तेव्हा तो शब्दच त्यांच्या चमूत कोणाला माहीत नव्हता. प्रस्तावित बदलामुळे विलंब निम्म्यावर येतो, असा दावा मात्र त्याच सादरीकरणात मोठ्या अक्षरांत होता.

याला जोडून आणखी दोन फटी आहेत. जाळ्याच्या कडेवर जागा नसल्याने ज्या वाहनांना आतच येता आले नाही, त्यांचा बाहेर थांबण्याचा वेळ सुमो ‘डिपार्ट डिले’ म्हणून वेगळा नोंदवते. तो न मिळवता केवळ ‘टाइम लॉस’, म्हणजे जाळ्याच्या आत वाया गेलेला वेळ, पाहिला, तर कोंडी जितकी वाढेल तितकी ती जाळ्याबाहेर ढकलली जाते आणि हिशेबातून सुटते. शिवाय प्रवासाच्या अहवालात मुळात फक्त मुक्कामी पोहोचलेली वाहने येतात. वेळ संपली तेव्हा जी रांगेतच उभी होती, तीच सर्वांत जास्त रखडलेली असतात आणि तीच वगळली जातात. अपूर्ण प्रवास लिहिण्याचा पर्याय चालू करता येतो. तो मुळातच चालू का नसावा, हे मला समजलेले नाही. त्याचप्रमाणे यादृच्छिक आकड्यांचे बीज, म्हणजे ते आकडे ज्यापासून तयार होतात ती सुरुवातीची संख्या, मुळात २३४२३ असे कायम असल्याने प्रोग्रॅम कितीही वेळा चालवला तरी तेच उत्तर येते. त्या स्थिरतेला अचूकता समजू नये. बीज बदलून अनेकदा चालवावे आणि उत्तरांचा पसारा सांगावा.

नागपूरच्या दृष्टीने मी केलेला एक प्रयोग येथे थोडा विस्ताराने सांगतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की भर दुपारी दुचाकीस्वारांना तापल्या डांबरावर थांबावे लागू नये म्हणून काही चौकांतील सिग्नल बंद ठेवले जातात. हा निर्णय माणुसकीचा आहे, परंतु कोणत्या चौकात आणि किती वाहतुकीपर्यंत तो सोयीचा ठरतो, हे तपासता येईल का, असा विचार होता. सुमोमध्ये सिग्नलला ‘ऑफ’ हा कार्यक्रम देता येतो, त्यामुळे प्रयोग मांडायला काहीच वेळ लागत नाही. दुपारच्या विरळ वाहतुकीत अपेक्षेप्रमाणे प्रतीक्षा घटली. वाहने वाढवत नेली तसा मात्र एक विचित्र प्रकार दिसला: मुख्य रस्ता सुसाट वाहत राहिला आणि आडव्या रस्त्यावरची वाहने थांबा-रेषेवर अनंतकाळ उभी राहिली, शेवटी टेलिपोर्ट होऊन सुटली. कारण उघड आहे. सिग्नल बंद झाला की सुमो रस्त्यांच्या श्रेणीवरून अग्रक्रम ठरवते, आणि गौण रस्त्यावरचा चालक मुख्य रस्त्यावर सुरक्षित अंतर मिळेपर्यंत थांबतो. कायद्याने तेच अपेक्षित आहे. नागपूरच्या चौकात मात्र आडव्या रस्त्यावर पाच-सात दुचाक्या जमल्या की त्या मिळून एक-एक फूट पुढे सरकतात, मुख्य रस्त्यावरचा एखादा कारवाला कचरतो, आणि त्याच क्षणी सगळा घोळका पार होतो. मग काही वेळाने उलट दिशेची पाळी येते. न ठरवता ठरलेली ही आलटापालट सुमोला येत नाही.

ती आणण्यासाठी उपलब्ध असलेली मूल्ये मी वापरून पाहिली. चालकाची अधीरता वाढवता येते, गौण रस्त्यावरून घुसण्यासाठी लागणारे वेळेचे अंतर कमी करता येते, आणि समोरून येणाऱ्या वाहनाकडे दुर्लक्ष करण्याची शक्यताही देता येते. शेवटचे मूल्य वाढवले की वाहने खरोखर घुसतात, परंतु ती घोळक्याने नव्हे तर एकेकटी, बेफिकीरपणे घुसतात. यात आणखी एक धोका असा, की चौकाच्या आतील टकरी तपासण्याचा पर्याय सुमोमध्ये मुळात बंद असतो. त्यामुळे दोन गाड्या एकमेकींच्या आरपार गेल्या तरी प्रतिकृती तक्रार करत नाही. हा पर्याय चालू केला तेव्हा आमच्या सुंदर निकालाचा बराचसा भाग कोसळला. बंद सिग्नलच्या चौकाचे सुरक्षिततेविषयीचे कोणतेही विधान या सॉफ्टवेअरच्या आधारे करू नये, एवढा निष्कर्ष मी त्यातून काढला, आणि विरळ वाहतुकीतील विलंबाची तुलना मात्र बेलाशक करावी.

दुसरा उपयोग अधिक यशस्वी ठरतो. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, सिव्हिल लाइन्स परिसरात रस्ते बंद होतात, मोर्चे अडवले जातात आणि सीताबर्डीपर्यंतची वाहतूक बाजूच्या रस्त्यांवर ढकलली जाते. ठरावीक वेळेत रस्ता बंद करून मागच्या वाहनांना नवा मार्ग शोधायला लावणारी ‘रीराउटर’ ही सोय यासाठी उत्तम आहे. येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही, की किती चालकांना बंदची आगाऊ माहिती आहे असे मानायचे. सर्वांना माहिती दिली तर प्रतिकृतीतील वाहने शहाण्यासारखी पसरतात, कोणालाच दिली नाही तर सगळी बॅरिकेडपाशी येऊन वळतात, आणि सत्य या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. पूर्वसूचना ज्यांच्यापर्यंत पोहोचते त्या चालकांचे प्रमाण बदलत नेऊन कोणता चौक आधी तुंबतो हे पाहणे, हा बंदोबस्ताच्या आखणीसाठी उपयुक्त अभ्यास आहे. विलंबाचे सेकंद चुकतील, परंतु चौकांचा तुंबण्याचा क्रम सहसा फारसा बदलत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. वेब्स्टर यांच्या १९५८ सालच्या सूत्राने सिग्नलचा कालावधी काढून देणारे आणि लागोपाठच्या सिग्नलांची हिरवी साखळी जुळवणारे अशी दोन पायथॉन साधने सोबत येतात. पहिले नेहमी उपयोगी पडते. दुसऱ्याचा लाभ बस, ई-रिक्षा आणि दुचाकी यांच्या वेगांतील तफावतीत बराचसा विरून जातो. ‘ट्रॅकी’ या दुव्यामुळे चालू सिम्युलेशनमध्ये पायथॉनमधून दर सेकंदाला हस्तक्षेप करता येतो, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी हा अक्षय्य साठा आहे. पादचारी मात्र फक्त नेमून दिलेल्या ठिकाणीच रस्ता ओलांडतात, त्यामुळे दिवाळीच्या आठवड्यातील बर्डी मेन रोड या साधनाच्या आवाक्याबाहेर आहे. दुभाजकाला लांबून वळसा घालावा लागतो म्हणून उलट दिशेने येणाऱ्यांसाठी वेगळा खोटा रस्ता काढावा लागतो. रस्त्याच्या मध्यात बसलेल्या गाईसाठी वर्ग नाही, तिला कायम थांबलेले वाहन म्हणून बसवावे लागते आणि ते चपखल जमते. प्रदूषणाचे आकडे युरोपीय उत्सर्जन-पुस्तिकेवर आधारलेले असल्याने आपल्या ऑटोंसाठी आणि जुन्या बससाठी ते जसेच्या तसे उद्धृत करू नयेत.

तुलना करायची तर ती पीटीव्ही या जर्मन कंपनीच्या व्हिसिम या सिम्युलेशन सॉफ्टवेअरशी करावी लागते. भारतीय विद्यापीठांतील बरेच संशोधन व्हिसिमवर झालेले आहे, कारण एकाच लेनमध्ये शेजारून पुढे जाण्याचे वर्तन त्यात संवादपेटीतच निवडता येते आणि त्याची त्रिमितीय चित्रे बैठकीत प्रभाव पाडतात. ज्याच्याकडे परवाना आहे आणि ज्याला कोड लिहायचा नाही, त्याने व्हिसिम वापरण्यात काही चूक नाही. सुमोमध्ये तेच सबलेनने साधते, परंतु मूल्ये एक्सएमएल फायलींत लिहावी लागतात आणि मदत हवी असल्यास इंग्रजी दस्तऐवज धुंडाळावे लागतात. ते दस्तऐवज मात्र विस्तृत आणि प्रामाणिक आहेत. काय चालत नाही तेही त्यांत लिहिलेले असते. एका-दोन चौकांच्या अभ्यासासाठी साधा लॅपटॉप पुरतो. संपूर्ण शहर सबलेनसह चालवायचे असेल तर मात्र रात्रभर यंत्र चालू ठेवण्याची तयारी असावी. जिल्ह्याच्या ठिकाणचे अभियांत्रिकी महाविद्यालय, लहान सल्लागार किंवा स्वतःच्या रस्त्याविषयी तक्रारीऐवजी आकडे घेऊन जाऊ इच्छिणारी नागरिकांची समिती, या सर्वांना मी सुमोच सुचवीन.

अहवाल स्वीकारणाऱ्या कार्यालयांसाठी एक सूचना आहे. सिम्युलेशनचा समावेश असलेल्या कामाच्या निविदेतच चित्रफितीसोबत वाहन-वर्गांची फाईल, प्रत्यक्ष मोजणीचे तक्ते, वापरलेली बीजे, टेलिपोर्टची संख्या आणि अपूर्ण प्रवासांसह काढलेला विलंब मागावा. सुमोत या सर्व गोष्टी साध्या मजकुराच्या फायलींत असतात, त्या देण्यासाठी सल्लागाराला वेगळा खर्च येत नाही, आणि ज्याने काम खरोखर केले आहे तो त्या त्याच दिवशी पाठवू शकतो.